मेढीवरचं फूल

वालूर,
गुरुवार, ता. ३१ जुलै २०२५

सौ. महेश्वरी वहिनीस,
धाकट्या दिराचा शरणू शरणार्थी.

इकडं सगळे आपापल्या जागी आहेत. अप्पा खाटेवर, अव्वा चुलीपुढं, दादा आरशापुढं, आणि मी कुठंच नाही, म्हणजे नेहमीसारखाच. तुमची पंचमी कशी झाली? भक्तीनं यंदा ताईसाठी झोका कुठं बांधला? मागं मी सोनपेठला आलो होतो तेव्हा तुमच्या अण्णांच्या दुकानापुढच्या लिंबाला झोका होता. मी बसलो आणि फांदीच वाकली. तुम्ही हसायला आत पळालात. तेव्हा तुमचं आमच्या घरी ठरलंही नव्हतं. असो.

तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. अव्वाला कालवड पाहिजे होती, त्याचं बोलणं गाईला बसलं. पाऊस झडीचा पडायलाय. काळ्या रानात चप्पल घालून गेलं की माणूस परत येतं, चप्पल येत नाही.

भक्तीच्या फोनवरून तुमचा निरोप मिळाला. तुमची एवढीच ओळ होती, "भाऊजी, ते खाल्लं तर माणूस मरतं का?"

मी लगेच उत्तर द्यायला पाहिजे होतं. पण निरोप आला तेव्हा दादा माझ्या शेजारीच बसला होता. "कोणाचाय रे?" म्हणला. मी म्हणलो, "कंपनीचा." आणि पुसून टाकला. पाचच मिनिटांनी त्यानं माझा फोन मागून घेतला, त्याच्या फोनची काच फुटली म्हणून. तो अजून त्याच्याच खिशात आहे. तुमचा फोन तर तुम्ही निघालात तेव्हाच अव्वानं दुरुस्तीला ठेवून घेतला, आणि तो दुरुस्त काही होईना. म्हणून हे पत्र. बन्सीधरमामा उद्या मिरची घेऊन सोनपेठला जायलाय, त्याच्याजवळ देतो. तो वाचायचा नाही. त्याला चष्म्याशिवाय स्वतःची मिरचीसुद्धा दिसत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतोच. पण तिकडं तुम्हाला कुणी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, आणि सोमवारी दादा गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येईल तेव्हा तुम्हाला सगळं मालूम असलेलं बरं. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तुम्ही आखाड पाळायला माहेरी गेलात तेव्हा मांडवाची मेढ अंगणात तशीच होती. आपल्या घरची रीत तुम्हाला अव्वानं सांगितली असेल. लग्नाची मेढ लगेच उपटायची नाही, एक पावसाळा बघू द्यायचा. उंबराची फांदी, ओल्या मातीत रोवलेली, कधी कधी फुटते. मोठ्या आत्याची फुटली, तेच आडाजवळचं झाड. आत्याला पाच लेकरं झाली आणि पाचही जगली, हे अव्वा प्रत्येक नव्या सुनेला सांगते. तुम्हालाही सांगितलं असेल, आणि सांगताना तुमच्या पोटाकडं बघितलं असेल.

मी परभणीहून घरी आलो तो श्रावणाचा पहिला दिवस. तुमच्या लग्नाची मांडवपरतणी व्हायच्या आत मी सटकलो होतो हे तुम्हाला माहीतच आहे. आधी एका ट्रकवर क्लीनर होतो. त्यात बकऱ्या असायच्या, हे घरी सांगू नका. मग परभणीच्या बाहेर व्यंकटरावांच्या शेडवर तीन महिने टिकलो. ते अळंबी पिकवतात, हॉटेलवाल्यांना देतात. काम सोपं. भुसा भिजवायचा, उकडायचा, पिशव्यांत भरायचा, अंधारात टांगायचा, आणि दिवसभर गप्प बसायचं. ते गप्प बसायचंच जमलं नाही.

तर मी आलो आणि दारात चपलांचा ढीग. मला वाटलं, अप्पा गेला. पळत आत आलो तर अप्पा खाटेवर, तोंड वाकडं, डोळे उघडे, आणि सगळ्या गल्लीची पाठ त्याच्याकडं. सगळे मेढीकडं बघत होते.

शेजारच्या नर्मदामावशीनं पहिल्यांदा बघितलं म्हणे. ताक मागायला आली होती. ती नुसती ओरडली, "राजेश्वरच्या माय, उंबराला फूल आलंय गं!"

आता उंबराचं फूल म्हणजे तुम्हाला सांगायला नको. कुणाला दिसत नाही, दिसलं त्याचं घर भरतं, सात पिढ्या भरतं. आणि ते आलं कुठं, तर तुमच्या लग्नाच्या मेढीवर. हळद लावलेल्या सालीवर खालपासून वरपर्यंत पांढऱ्या पाकळ्या, एकावर एक, काही नखाएवढ्या, काही रुपयाएवढ्या, कडा कातरल्यासारख्या. खोटं कशाला बोलू, पहिल्या नजरेत मलाही फूलच वाटलं. लांबून लय चांगलं दिसत होतं.

अव्वानं मेढीला कुंकू लावलं, नारळ फोडला. स्वामी आले, त्यांनी भस्म लावलं. आणि अव्वा, जिनं अप्पाचं अर्धं अंग लुळं पडलं त्या दिवसापासून तुम्हाला पांढऱ्या पायाची म्हणलं, जिनं तुम्हाला चुलीतल्या राखेवरून चालवलं, पाय आता तरी काळे होतेत का बघू म्हणून (मला हे नर्मदामावशीनं हसत हसत सांगितलं, तुम्ही नाही सांगितलंत), ती अव्वा पदर डोळ्याला लावून म्हणत होती, "मीच आंधळी. माझी लक्ष्मी घरात आली आन् मी तिला राख दावली."

त्या दिवशी दुपारी तुमची हिरवी साडी ट्रंकेतून काढून वाळत घातली होती. दादाला सांगितलं होतं, उद्याच गाडी कर, पंचमी माहेरी कशाला, लेकीला आन. खरंच असं झालं होतं, वहिनी. अर्धा दिवस तुम्ही या घरात लक्ष्मी होतात. तुम्हाला कळायच्या आत ते संपलं.

ते मी संपवलं.

मी जवळ गेलो, एक पाकळी तोडली. दादा ओसरीवर बसला होता, गल्लीतली पोरं त्याच्याभोवती. तो म्हणला, "सरका सरका, आमचे शास्त्रज्ञ आले. दहावीला तीनदा बसलेत." सगळे हसले. नर्मदामावशी म्हणली, "योग्या, हात कामून लावायलास? धुतलेत का? बकऱ्याच्या गाडीवर होतास म्हणं." म्हणजे तेही कळलं होतं. आणखी हसले.

मी ती पाकळी उलटी केली.

वहिनी, ही ओळखायची कशी ते नीट वाचा. हिला देठ नसतो, लाकडाला बाजूनं चिकटून बसलेली असते, पंख्यासारखी. वरून पांढुरकी, राखाडी, बारीक लव असलेली, म्हाताऱ्याच्या कानासारखी. उलटी केली की खाली बारीक रेघा, एका टोकातून पसरलेल्या. आणि ती प्रत्येक रेघ मधोमध उभी चिरलेली असते, एकीच्या दोन झालेल्या. दुसऱ्या कोणत्या अळंबीचं असं नसतं. ऊन पडलं की ती आक्रसून मूठ मिटते, पाणी पडलं की परत उलगडते. व्यंकटरावांनी मला शेडच्या जुन्या बांबूवरची दाखवली होती. म्हणले, "पोरा, ही सगळीकडं. सरपणावर, कुंपणाच्या काठीवर, आंब्याच्या वाळल्या फांदीवर. हिच्यावानी साधी दुसरी न्हाई. फकस्त लाकूड मेल्याबिगर येत न्हाई."

मी अंगणात उभा राहून हेच सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. हसणाऱ्यांना ऐकू जावं म्हणून शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं.

पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. मग अव्वानं विचारलं, "मेल्याबिगर म्हंजी?"

"म्हंजी मेलेल्या लाकडावरच येती. मेढ वाळली हाय अव्वा, आतून. कवाच."

"कवाच म्हंजी कवा?"

मला तिथंच गप्प बसता आलं असतं. मी म्हणलो, "एवढी पसरली म्हंजी दोन म्हैने तरी झाले असतील."

अव्वानं बोटांवर मोजलं. दोन महिने मागं म्हणजे अप्पा पडला तो आठवडा. मी काही हिशोब करून बोललो नव्हतो, तोंडाला आलं ते बोललो. पण तिचा हिशोब बसला. तिनं कुंकवाची वाटी होती तशी जमिनीवर ठेवली आणि म्हणली, "म्हंजी हळद वाळायच्या आत तिनं मेढ खाल्ली, आन् मग ह्यायला खाल्लं." अप्पाच्या खाटेकडं हात केला. नर्मदामावशी, जी सकाळी फूल म्हणून नाचली होती, तीच म्हणली, "मला तवाच वाटलं व्हतं, वास येत व्हता."

स्वामी म्हणले, "बाई, लाकूड हाय, वाळतंय. त्यात लेकराचा काय दोष?" त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. ते आपली झोळी घेऊन गेले.

गल्ली रिकामी झाली. साडी दोरीवरच भिजली, रात्री मी काढली. दादा माझ्याकडं बघून हसला. मला वाटलं, चिडून हसला. त्याच्या बायकोचं वाटोळं केलं मी, चिडणारच. मी मनात ठरवलं की एक वाजवली तर खाऊन घ्यायची.

वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणला, "चल सेलूला, भजी चारतो." वहिनी, मी बावीस वर्षांचा झालो, दादानं मला कधी शेंगदाणा चारला नाही. मोटारसायकलवर मागं बसलो. गाडी चांगली पळते आता, नवीन टायर टाकलेत. पुलाजवळ दुधनेला लय पाणी होतं, तिथं थांबून बघितलं, एक अख्खं बाभळीचं झाड वाहत चाललं होतं, त्यावर एक कुत्रं बसलेलं. दादा म्हणला, "बघ, कसं शहाणं हाय, भुंकत न्हाई." मी म्हणलो, भ्यालंय. तो म्हणला, "तेच ते."

सेलूत स्टँडच्या मागं एका घरापुढं गाडी लावली. समोरच्या गाड्यावर माझ्या हातात भज्याचा कागद दिला आणि तो आत गेला. दार एका बाईनं उघडलं. तुमच्याच वयाची. मला बघून म्हणली, "भाऊजी, तुमी पन या की." मी म्हणलो, भजी गार होतील. लय वेळ लागला. भजी संपली, दुसरी घेतली, तीही संपली.

हे तुम्हाला लिहावं का नाही, याचा मी काल रात्रभर विचार केला. लिहिलं नसतं तर पुढचं तुम्हाला पटलं नसतं.

परत येताना त्यानं गाडी परत पुलावर थांबवली. म्हणला, "योग्या, तू काल म्हणलास ती मेढीवरची. ती कुणी खाल्ली तर?"

मी म्हणलो, "काय होत न्हाई. चामडं हाय नुसतं. दात दुखतील."

"काहीच होत न्हाई?"

"काहीच न्हाई."

वहिनी, तुम्ही जे भक्तीच्या फोनवरून विचारलंत, ते माझ्या दादानं तुमच्या चार दिवस आधी विचारलं होतं. आणि मी काही होत नाही म्हणलो तेव्हा त्याचा चेहरा पडला. मी खोटं लिहीत नाही. लहानपणी जत्रेतून अप्पा रिकाम्या हातानं आला की पडायचा, तसाच पडला. मी बघितलं आणि मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण मी ते कळू दिलं नाही. माझं तोंड सुरूच होतं.

कारण मग तो म्हणला, "मग वाईट कोणती असती? तीन म्हैने काय शिकलास?"

आणि मी सांगितलं. काय करू, मला कुणी कधी काही विचारत नाही. दादानं तर जन्मात नाही. मी पुलाच्या कठड्यावर बसून त्याला सगळं सांगितलं. व्यंकटराव आम्हाला एक किस्सा नेहमी सांगायचे. कोण्या गावच्या बाईनं बांधावरची पांढरी, देठाची, खायच्या अळंबीसारखीच दिसणारी उपटून आणली, भाजी केली. चवीला चांगली लागली. त्या दिवशी काही झालं नाही. उलट्या झाल्या त्या दुसऱ्या दिवशी, मग बरं वाटलं, मग चौथ्या दिवशी गेली. डॉक्टरला कळेपर्यंत कशानं ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. व्यंकटराव हा किस्सा आम्हाला भीती घालायला सांगायचे, की रानातलं काही शेडमध्ये आणू नका. मी तो दादाला रंगवून सांगितला. तो मधेच म्हणला, "चौथ्या दिवशी?" मी म्हणलो, "हां, चौथ्या." त्यानं मान हलवली आणि गाडीला किक मारली.

त्याच संध्याकाळी त्यानं अव्वाशी बोलणं काढलं. अव्वाचं तर ठरलं होतं की तुम्हाला आणायचंच नाही, अण्णांना निरोप धाडायचा की लेक ठेवून घ्या. दादा तिच्यापाशी बसला, तिचे पाय दाबले. म्हणला, "असं कसं अव्वा. लोक काय म्हणतील. तिला एक मोका दे. त्या मेढीवरचं तिनं पाच बायकासमोर खाऊन दावावं. तिच्यात खोट नसंल तर देव तिला सांभाळंल. मग तुजं बी तोंड बंद, गल्लीचं बी."

अव्वा म्हणली, "आपल्यात असलं खातेत का? कुत्र्याची छत्री ती. खाल्ल्यावर चुलीला हात कसा लावू दिऊ?"

"एकडाव. भाजी करून. बेसन लावून. मी सोता आनून दितो तोडून."

नर्मदामावशी दारातच होती. म्हणली, "राजेश्वर, लय जीव हाय रे तुजा बायकोवर." दादा खाली बघून लाजला. वहिनी, तो लाजला.

तुम्ही भक्तीला म्हणलात म्हणे, अव्वा कशीही असो, यांनीच तिला वळवलं, माझ्यासाठी हे भांडले. भक्तीनंच तिच्या निरोपात खाली लिहिलं होतं. त्यात तुमची चूक नाही. अव्वाचं तोंड वाईट आहे, तुम्ही तोंडाला भ्यालात. तिनं तुम्हाला काय काय म्हणलं ते सगळ्या गल्लीला पाठ आहे. पण तिनं म्हणण्यापलीकडं काही केलं नसतं. सोमवारचा बेत तिला माहीत आहे असं मला वाटत नाही. तिला खरंच परीक्षा वाटते. पाच बायकांची नावं तिनं काढली, हातात घालायला त्यांना बांगड्यासुद्धा आणल्या.

हे सगळं बोलणं अप्पाच्या खाटेपाशीच झालं. हल्ली घरातलं सगळं अप्पापुढंच बोलतात, तो कुणाला सांगू शकत नाही म्हणून. दादा बोलत होता तेव्हा अप्पाच्या घशातून आवाज यायला लागला, बैलाच्या घशात कडबा अडकल्यासारखा. दादा उठला, त्याला कुशीवर वळवलं, भिंतीकडं तोंड करून. "झोपा अप्पा," म्हणला. किती हळू म्हणला.

मंगळवारी, पंचमीच्या दिवशी, दादा माझ्याआधी उठला. पंचमीला कुणी रानात जात नाही, आणि दादा तर एरवीही जात नाही, त्याच्या बुटाला चिखल लागतो. तो पिशवी घेऊन गेला आणि उजाडल्यावर परत आला. मला वाटलं, नागाला लाह्या वाहायला गेला असंल. काल परत गेला.

काल तो सेलूला गेल्यावर मी गोठ्यात गाईला पेंड घालायला गेलो. पेंडीच्या पोत्यामागं एक डबा होता. अव्वाचा शेवयाचा डबा, गोठ्यात कामून? उघडला.

आत अळंब्या होत्या. पांढऱ्या. देठ होते. एकेक उचलून मी उलटी केली. रेघा अख्ख्या होत्या. एकही चिरलेली नव्हती.

मेढीवरच्या मेढीवरच होत्या. मी जाऊन बघितलं. एकही तोडलेली नव्हती.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मेढीवरची खाल्ली तर माणूस मरत नाही. तुमच्या पुढ्यात जे येईल ते मेढीवरचं नसेल. त्या डब्यातली कोणती आहे, व्यंकटराव सांगायचे तीच का दुसरी साधी, ते मला सांगता येणार नाही. मी तीन महिनेच होतो, आणि बाकीचं शिकायच्या आत माझं त्यांच्याशी वाजलं. फक्त एवढं सांगू शकतो की ती ही नाही. आणि ती ही नाही हे दादाला माझ्याइतकंच माहीत आहे, कारण ओळखायचं कसं ते मीच अंगणात ओरडून शिकवलं.

उलटी करून बघायचं मी वर लिहिलं, ते खरं तर तुम्ही येऊन ताटात बघावं म्हणून लिहिलं होतं. लिहिताना वाटत होतं की तुम्ही या, उलटी करून बघा, आणि सगळ्यांसमोर दाखवून द्या. पण बेसन लावून तळल्यावर काय उलटं आणि काय सुलटं. पाच बायका बसलेल्या असतील, अव्वा पुढ्यात बसलेली असेल, दादा हातानं वाढत असेल. तुम्ही नाही म्हणलात तर पांढऱ्या पायाच्या ठरता. खाल्लं तर चौथ्या दिवसापर्यंत लक्ष्मी. आणि पाचव्या दिवशी त्याच पाच बायका सांगतील की तिनं तिच्या हातानं खाल्लं, आम्ही बघितलं, बिचारा राजेश्वर तर तिच्यासाठी भांडला होता.

तुम्ही म्हणाल, डबा फेकून का दिला नाही. हातात घेतला होता. पण पावसाळा आहे, वहिनी. फेकला तर तो परत पिशवी घेऊन जाईल, आणि मग कुठं ठेवला ते मला कळणारही नाही. म्हणून होता तिथं ठेवला. त्यातल्या दोन कागदात बांधून ह्या पत्रासोबत देतोय. त्यांना हात लावू नका. लावला तर धुवा. शेजारी मेढीवरची एक वेगळी बांधली आहे, ती वाळून मूठ झाली असेल, वाटीभर पाण्यात टाका, घडीभरात उलगडेल. मग दोन्ही शेजारी ठेवा आणि अण्णांना दाखवा.

काल रात्री जेवताना दादा म्हणला, "योग्या, तुजं काय मन रमत न्हाई इथं. उद्या परवा निघ की. तिकीट मी काढून दितो." मी म्हणलो, "सोमवार बघून जातो." त्यानं माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भाजी वाढली. वांग्याची होती. मी खाल्ली नाही, पोट दुखतंय म्हणलो. अव्वा म्हणली, "भजी खाऊन पोट बिघडलं असंल." कुणीच हसलं नाही.

मी उद्या निघतोय. नांदेडकडं जाईन, पुढचं ठरलेलं नाही. माझ्यासारख्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतं, हे मला माहीत आहे. दहावी नापास, चार ठिकाणची कामं सोडलेला. दादा शाळेत पहिला यायचा, गावात त्याला सगळे राजेश्वरराव म्हणतात. तो म्हणेल, भावानं द्वेषानं लिहिलं. म्हणू द्या. व्यंकटरावांचा पत्ता पाठीमागं लिहिलाय. ते माझ्यावर चिडलेले आहेत, पण अळंबीबद्दल खोटं बोलणार नाहीत.

सोमवारी दादा येईल. स्वतः येईल, गाडी धुऊन येईल, भक्तीला पेढे आणेल. अण्णांच्या पाया पडेल. तुमच्याकडं बघून हसेल, आणि तुम्हाला वाटेल की मी उगाच काहीतरी लिहिलं. तेव्हा एकच गोष्ट करा. ती हिरवी साडी त्यानं सोबत आणलेली असेल, ती घेऊ नका आणि गाडीवर बसू नका. अण्णांना दुकान बंद करून घरी थांबायला सांगा.

मी पहिल्यांदा ठरवलं होतं की शेवटी लिहायचं, वाचून चुलीत टाका, मी काही लिहिलं असं कुणाला सांगू नका. तशी ओळ लिहिलीही होती, ती खोडलेली तुम्हाला दिसेल. चुलीत टाकू नका. अण्णांना द्या, त्यांना ज्याला दाखवायचं त्याला दाखवू द्या. ठाण्यात न्यावं लागलं तर न्या. मला बोलावलं तर मी येईन. आजवर बोलावल्यावर मी कुठं आलेलो नाही, हे खरं आहे.

एरवी मी नुसतं योगी लिहितो. आज शाळेच्या दाखल्यावर आहे तसं लिहितो, म्हणजे हे पत्र कुणाचं, असं कुणाला विचारावं लागणार नाही.

तुमच्या नवऱ्याचा सख्खा भाऊ,

योगीराज बसवराज हालगे
रा. वालूर, ता. सेलू, जि. परभणी